‘आणि...’ नंतरचं नाव

डिग्री एका गोष्टीची आणि जीव अडकलाय भलतीकडेच, हा प्रकार आपल्या हॉस्टेलला नवा नाही. प्रत्येक विंगमध्ये एक तरी तबलजी असतो, एक शायर असतो आणि उद्या फाईल सबमिट करायची असताना आज रात्री एकांकिकेचं स्क्रिप्ट लिहीत बसलेला एक महाभाग असतोच असतो. चार वर्षं संपतात, प्लेसमेंट होते, तबला माळ्यावर जातो. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. ज्याने ती मध्येच सोडली नाही, शेवटपर्यंत नेली आणि तिची किंमतही भरली, अशा एका डॉक्टरांची ही गोष्ट आहे. डॉ. काशीनाथ घाणेकर.

आम्ही काही घाणेकरांचा अभ्यास करायला बसलो नव्हतो. आमच्या मजल्यावर शनिवारी रात्री जोडी-शो चालतो. नियम साधा. एक विषय ठरवायचा आणि त्या विषयाचे दोन जुने सिनेमे पाठोपाठ बघायचे, शक्यतो एक बाहेरचा, एक आपला. त्यातही आवड नॉयर आणि भयपटांची. नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. अर्धा चेहरा अंधारात, गुन्हा, पश्चात्ताप, कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही, असे ते अमेरिकन सिनेमे. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये त्यांना हे नाव दिलं. सिनेमे संपले की गच्चीवर चर्चा. समोर एमआयडीसीचे दिवे, वाऱ्याने साथ दिली तर शुद्ध हवा, नाही दिली तर केमिकलचा वास. चर्चेला कायम चौघे : सातपाटीचा एक, जव्हारचा एक, चिपळूणचा एक आणि अस्मादिक. महिन्याभरात चार जोड्या झाल्या आणि चारही वेळा आपल्या बाजूला एकच नाव येऊन बसलं. चिपळूणकराची कॉलर तेव्हापासून जी ताठ आहे ती आहेच, कारण घाणेकर मूळचे त्याच्याच गावचे.

चिपळूणहून हा मुलगा शिकायला मुंबईला आला आणि दातांचा डॉक्टर झाला. त्या काळात कोकणातल्या घरात डॉक्टर होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मुंबईत दवाखाना होता. लग्न झालं होतं, पत्नी डॉ. इरावती याही डॉक्टर. म्हणजे सगळं कसं मार्गी लागलेलं. पण दिवसा दात आणि संध्याकाळी नाटक, असं सुरू झालं आणि हळूहळू संध्याकाळ मोठी होत गेली.

१९६२ मध्ये धी गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन मास्टर दत्तारामांचं, शिवाजी महाराज मामा पेंडसे आणि संभाजी घाणेकर. हे नाटक लढायांचं नाही. मोठा बाप आणि धुमसणारा मुलगा यांच्यातल्या दुराव्याचं आहे. मामा पेंडसे म्हणजे मुरलेले नट. त्यांच्यासमोर उभं राहून हा दातांचा डॉक्टर असा काही पेटला, की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पुढची कित्येक वर्षं संभाजी म्हटलं की हाच चेहरा येऊ लागला. पुढे कानेटकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिलं, त्यातही संभाजी तेच. त्यांचे डोळे घारे होते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते आपल्याकडेच बघताहेत असं वाटायचं, असं जुनी मंडळी सांगतात.

आता जोड्या.

जोडी पहिली : ‘लॉरा’ आणि ‘पाठलाग’

विषय होता, मेलेली बाई परत येते तेव्हा. ‘लॉरा’ हा ऑटो प्रेमिंजरचा १९४४ चा सिनेमा. लॉराचा खून झालाय. तपास करणारा पोलीस अधिकारी तिच्या घरात बसून तिची पत्रं वाचतो, भिंतीवरचं तिचं चित्र बघतो आणि चक्क त्या चित्राच्या प्रेमात पडतो. आणि अर्ध्या सिनेमात लॉरा स्वतःच दार उघडून आत येते!

‘पाठलाग’ १९६४ चा. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला. घाणेकर त्यात कायद्याचा माणूस आहेत. बायको डोळ्यांदेखत गेलीय, तिचे अंत्यसंस्कार झालेत. आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून म्हणते, मीच यांची बायको. चेहरा तोच, आवाज तोच. घरातल्या, नवराबायकोतल्या खासगी गोष्टीसुद्धा तिला माहीत. भावना या अभिनेत्रीने हे काम केलंय.

याच कथेवर राज खोसलांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला. सुनील दत्त, साधना, मदनमोहनचं संगीत, उदयपूरचे महाल. ‘मेरा साया’ बहुतेकांना माहीत असतो, ‘पाठलाग’ माहीत नसतो. वास्तविक मूळ आपलं आहे आणि त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता.

गच्चीवर वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. जव्हारचा म्हणाला, की ‘लॉरा’मध्ये मेलेली परत आली याचा त्या अधिकाऱ्याला आनंद होतो. ‘पाठलाग’मधल्या नवऱ्याला आनंद होऊच शकत नाही, कारण आनंद झाला तर तो कायदा विसरला आणि नाही झाला तर बायकोला विसरला. मग नटाने करायचं काय? घाणेकर या सिनेमात बराच वेळ काहीच करत नाहीत. नुसते बघतात. रंगमंचावर गर्जना करणारा माणूस पडद्यावर आवाज खाली घेऊन उभा आहे. कोर्टातल्या प्रसंगांत त्यांचा चेहरा नीट बघा. पुरावा मागणारा वकील आणि पुरावा नको असलेला नवरा, असे दोघं एकाच कोटात दिसतात.

जोडी दुसरी : ‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ आणि ‘आँसू बन गये फूल’

विषय, सरळ माणूस वाकडा कसा होतो. पहिला सिनेमा १९३२ चा, मर्विन लेरॉयचा. नॉयर हे नाव पडायच्या आधीचा, पण वंश तोच. युद्धावरून परतलेला एक सज्जन तरुण न केलेल्या गुन्ह्यात अडकतो आणि व्यवस्था त्याला पिळून पिळून खरंच चोर करून सोडते.

दुसऱ्या बाजूला आम्हाला खरं तर ‘अश्रूंची झाली फुले’ हवं होतं. कानेटकरांचंच नाटक, १९६६ साली प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदाने आणलेलं. पण ते नाटक. आज पडदा पडला की आजचा प्रयोग संपला. हार्ड डिस्कवर येत नाही. म्हणून त्यावरून निघालेला सत्येन बोस यांचा १९६९ चा हिंदी सिनेमा घेतला. अशोककुमारने प्रोफेसर छान केलाय. पण ज्याच्यासाठी बघायला बसलो तो लाल्या त्यात घाणेकर नाहीत.

गोष्ट कॉलेजची आहे, म्हणून आपल्याला जास्त लागते. विद्यानंद हे तत्त्वनिष्ठ प्रोफेसर. लाल्या हा उनाड, दादागिरी करणारा विद्यार्थी. संस्थेतल्या राजकारणात प्रोफेसरांवर पैशांच्या अफरातफरीचा खोटा आळ येतो, तुरुंगवास होतो आणि बाहेर येतो तो सूडाने पेटलेला गुन्हेगार. तोवर ज्याला त्यांनी माणसात आणलं तो लाल्या पोलीस अधिकारी झालेला असतो. आता कोण कुणाला पकडणार? सांगा, यापेक्षा पक्कं नॉयर आणखी काय असतं!

पणशीकर विद्यानंद होते आणि घाणेकर लाल्या. आमच्या एका सरांचे वडील तेव्हा गिरगावात राहायचे, पुढे नोकरीसाठी तारापूरला आले. एका रविवारी ते आमच्याबरोबर बसले. त्यांनी सांगितलं, की लाल्याच्या एंट्रीला थिएटरात शिट्ट्या पडायच्या. मराठी नाटकाला, जिथे लोक गजरा माळून आणि इस्त्रीचं धोतर नेसून यायचे तिथे, शिट्ट्या! कॉलेजची पोरं पुन्हापुन्हा तिकीट काढायची. मग स्टाफ विरुद्ध विद्यार्थी असा छोटासा सामना झाला. सरांचं मत, की नाटक विद्यानंदांचं आहे, पणशीकर खाली पाय रोवून उभे होते म्हणून लाल्याला उड्या मारता आल्या. आमचं मत, की लाल्या नसता तर प्रोफेसरांचं व्याख्यान ऐकायला कोण तिकीट काढून आलं असतं? सामना बरोबरीत सुटला. पण सरांच्या मुद्द्यात दम आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

याच लाटेत मराठी नाटकाच्या जाहिरातीत एक नवीन पद्धत रुळली. बाकी सगळ्या कलावंतांची नावं आधी आणि सर्वांत शेवटी, वेगळं काढून : आणि... डॉ. काशीनाथ घाणेकर. बोर्डावर हे नाव लागलं की हाऊसफुल्ल, हे समीकरण होतं. १९६६ म्हणजे कोणता काळ? इकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, ज्याची वीज १९६९ मध्ये मिळायला लागली. तिकडे दादरला एक माणूस त्याच्या आधीच भरलेल्या थिएटरांत वीज खेळवत होता. (पीजे आहे, सोसून घ्या.)

लाल्यानंतर सिनेमेही आले. राजदत्त यांचा ‘मधुचंद्र’ १९६७ चा. त्यात घाणेकर चक्क हलकेफुलके, रोमँटिक. हिंदीत ‘दादी माँ’ आणि ‘अभिलाषा’. १९६८ च्या ‘एकटी’मध्ये सुलोचनाबाई आई आणि घाणेकर मुलगा. आयुष्याने इथे पटकथाकाराला मागे टाकलं. कारण पुढे घाणेकरांनी लग्न केलं ते सुलोचनाबाईंच्या मुलीशी, कांचन यांच्याशी. पहिलं लग्न तोवर मोडलं होतं. वयात अंतर मोठं, आईचा विरोध, वर्षानुवर्षं थांबणं, सगळं झालं. कांचन घाणेकरांनी ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय, आणि नवऱ्याची आरती न ओवाळता लिहिलंय. प्रेम आहे, पण दारू, संताप, हट्ट, बेभरवशीपणा हेही आहे. लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा.

जोडी तिसरी : ‘कॅट पीपल’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’

विषय, न दिसणारं भूत. १९४२ चा ‘कॅट पीपल’ अगदी कमी पैशांत काढलेला. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नर. राक्षस दाखवायला पैसे नाहीत, मग त्यांनी सावल्या दाखवल्या. एक मुलगी रात्री रस्त्याने चाललीय, मागे कुणीतरी आहे असं वाटतंय, शांतता ताणत ताणत नेलीय आणि एकदम फुस्स! पडद्यावर येते ती बस. एअर ब्रेकचा आवाज. मेकॅनिकलवाल्यांनो, त्या ब्रेकने सिनेमाच्या इतिहासात जेवढी माणसं दचकवली तेवढी कुठल्या भुताने दचकवली नसतील.

‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ चा, दिग्दर्शक वसंत जोगळेकर. आशा काळे आणि घाणेकर. जुना वाडा, रात्र आणि नरसूचं भूत. आपल्या आईवडिलांच्या पिढीत नरसूचं नाव काढलं तरी पोरं जेवून गप झोपायची. शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांचा हक्क मारला जाईल. एवढंच सांगतो, की नाव नीट वाचा. खेळ सावल्यांचा आहे. सावली पडायला एक उजेड लागतो आणि मध्ये कुणीतरी उभं असावं लागतं.

संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गीतं सुधीर मोघ्यांची. यातलं हेमंतकुमार आणि आशा भोसलेंचं कोळी थाटाचं द्वंद्वगीत सातपाटीकराला तोंडपाठ, कारण त्यांच्याकडे हळदीला ते वाजल्याशिवाय मांडव उठत नाही. हे गाणं भुताच्या सिनेमातलं आहे हे मात्र त्याला त्या रात्री कळलं. आणखी एक गंमत. हेच हेमंतकुमार १९६२ च्या ‘बीस साल बाद’ या भयपटाचे संगीतकार होते आणि निर्मातेही. म्हणजे भुताखेतांच्या आळीत त्यांचं येणंजाणं जुनंच.

पण आम्हाला या सिनेमात घाणेकर वेगळे दिसले. ‘पाठलाग’ला १२ वर्षं झाली होती. चेहऱ्यावर ती वर्षं दिसतात. डोळे तेच, पण भोवती थकवा. मराठी नाटकात मधल्या काळात बरंच काही घडलं होतं. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आलं. डॉ. श्रीराम लागूही डॉक्टरच, कान-नाक-घशाचे सर्जन. त्यांचा अभिनय आतून उलगडत नेणारा, घाणेकरांचा समोर येऊन आदळणारा. प्रेक्षकांची रुची बदलत होती. दोन डॉक्टर, दोन पद्धती. एकाने आपली पद्धत विचार करून घडवली, जपली. दुसऱ्याने जे होतं ते रोज रात्री उधळलं. ‘गारंबीचा बापू’मधला त्यांचा बापू लोकांनी डोक्यावर घेतला, पण लोकांना पुन्हापुन्हा लाल्याच हवा असायचा. आणि लाल्या तरुण असतो. नट तरुण राहत नाही.

आमच्या मेकॅनिकलच्या मित्राने यावर स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स काढलंच. म्हणाला, पार्ट एका मोठ्या लोडने क्वचित तुटतो. सोसवेल असाच लोड हजारो वेळा येतो आणि जातो, आत बारीक तडा जातो, बाहेरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस कडकन. यालाच फटीग म्हणतात. रोज संध्याकाळी टाळ्यांचा लोड चढतो, रात्री घरी आल्यावर उतरतो. उतरलेल्या वेळेत काय करायचं ते माहीत नसेल तर माणूस बाटली उघडतो. घाणेकरांच्या बाबतीत ही बाटली शेवटपर्यंत सुटली नाही. प्रयोगांवर परिणाम झाला, माणसं दुखावली, तब्येत गेली. हॉस्टेलवर काही मंडळींना हा भाग फार रोमँटिक वाटतो. वाटू नये. ‘नाथ हा माझा’ वाचल्यावर तो रोमँटिक वाटत नाही, कारण तो घरातल्या माणसाने लिहिलाय.

जोडी चौथी : ‘सनसेट बुलेवार्ड’ आणि ‘आणि... डॉ. काशीनाथ घाणेकर’

बिली वाइल्डरचा ‘सनसेट बुलेवार्ड’ १९५० चा. मूकपटांच्या काळातली एक महान नटी आता मोठ्या बंगल्यात एकटी राहते आणि आपण अजून स्टार आहोत या समजुतीत जगते. गोष्ट सांगणारा माणूस पहिल्याच दृश्यात पोहण्याच्या तलावात मेलेला असतो. हे काम केलं ग्लोरिया स्वॅन्सनने, जी खरोखरच मूकपटांतली मोठी स्टार होती.

दुसरा सिनेमा नोव्हेंबर २०१८ चा, अभिजीत देशपांडे यांचा. सुबोध भावेने घाणेकर केलेत, प्रसाद ओकने पणशीकर, सुमीत राघवनने लागू, सोनाली कुलकर्णीने सुलोचनाबाई. नाव थेट त्या जाहिरातीवरून घेतलेलं. जुना सिनेमा नाही म्हणून नियमाला अपवाद करावा लागला.

या रात्रीची चर्चा सगळ्यात लांबली. डहाणूकडून येणारी पहिली लोकल दिसेपर्यंत. प्रश्न एकच होता. डॉक्टरांनी दवाखान्यात राहायला हवं होतं का?

जव्हारचा म्हणाला, राहायला हवं होतं. त्याच्या भागात डॉक्टर मिळणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळे एक डॉक्टर वाया गेला याचं दुःख त्याला खरंखुरं होतं. चिपळूणचा म्हणाला, दातांचे डॉक्टर खूप झाले असते, संभाजी दुसरा झाला नसता. सातपाटीचा बराच वेळ गप्प होता. त्याच्या घरी बोट आहे. तो म्हणाला, की उधाणाच्या भरतीला होडी बाहेर काढण्यात चूक नाही, काढावीच लागते. पण ओहोटी कधी लागणार हे कॅलेंडरवर छापलेलं असतं. कोळी ते बघून निघतो. या माणसाने फक्त भरती बघितली.

मला वाटतं यात बरंचसं आलं. घाणेकरांनी दवाखाना सोडला ही चूक म्हणता येत नाही. ज्या गोष्टीत जीव आहे ती पूर्ण जीव ओतून केली तर काय उंची गाठता येते, हे त्यांनी दाखवलं. पण दात काढताना जो माणूस हात धुऊन, हत्यारं उकळून, पेशंटची नाडी बघून पुढे जात होता, त्याने स्वतःच्या बाबतीत यातलं काहीच केलं नाही. डॉक्टरकी सोडताना डॉक्टरची शिस्तही सोडली. डिग्री मागे ठेवून जायला हरकत नाही. तिने लावलेली सवय तेवढी बरोबर न्यावी.

२ मार्च १९८६ रोजी अमरावतीत, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच, डॉ. काशीनाथ घाणेकर गेले. साठीही गाठली नव्हती. चिपळूणपासून दूर, मुंबईपासून दूर, पण रंगमंचापासून दूर नव्हे.

आता एक हिशेब. ज्या कामाने ते घाणेकर झाले, तो संभाजी आणि तो लाल्या, ते ज्या थिएटरांत घडलं त्या थिएटरांतच राहिलं. ज्यांनी पाहिलं ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आपल्या तारापूर-बोईसरच्या कॉलन्यांत, पालघरच्या जुन्या घरांत अशी माणसं नक्की असतील. सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा, लाल्या पाहिला होता का? त्यांचा चेहरा बघा. आमच्या हातात मात्र ‘पाठलाग’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’ हे दोन सिनेमे उरतात. एकात तारुण्य, एकात थकवा. सुटे सुटे बघितले तर एक रहस्यपट आणि एक भुताचा सिनेमा. पाठोपाठ बघितले तर मधली १२ वर्षं दिसतात, जी कुठल्याच सिनेमात नाहीत.

जोडी-शो दर शनिवारी, मेस सुटल्यावर. स्टाफचंही स्वागत आहे. चादर आपापली आणावी.

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)